हद्द कुणाची, ते नंतर बघू

(मुलुंड येथे झालेल्या विद्यार्थी मेळाव्यात आपल्या वसतिगृहाच्या एका माजी विद्यार्थ्याने केलेल्या भाषणाचा संपादित भाग. वक्ते सध्या मुंबई पोलीस दलात शिपाई आहेत.)



पोलीस भरती आणि प्रशिक्षणाबद्दल बोल, असं मला सांगितलंय. ते बोलतोच. पण आधी माझ्या बाबांची एक गोष्ट सांगतो.

मी सातवीत होतो. धाकटी बहीण मुंबईबाहेर नात्यातल्या लग्नाला गेली होती आणि रात्री गर्दीत चुकली. बाबा तिथल्या पोलीस ठाण्यात गेले. दारात चप्पल काढली, हात जोडून उभे राहिले. त्यांना सांगण्यात आलं, "मांडव आमच्या हद्दीत नाही, पुढच्या ठाण्यात जा." पुढच्या ठाण्यात म्हणाले, "मुलगी राहते कुठे? तिकडे तक्रार द्या." ठाणी कोणती, ते मी सांगणार नाही. रात्रभर बाबा त्या दोन ठाण्यांच्या मध्ये चालत राहिले. सकाळी बहीण एका चहावाल्या मावशीकडे सुखरूप सापडली. पण त्या दिवसापासून आमच्या घरात नियम झाला, काही झालं तरी पोलिसांत जायचं नाही.

आणि त्याच घरातला मुलगा भरतीचा अर्ज घेऊन आला! बाबा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी एवढंच म्हणाले, "जातोस तर जा. पण तसा होऊ नकोस."

आमचा पाडा आरेत आहे. आम्ही वारली. धावायला मला कुणी शिकवलं नाही, आरेचा रस्ता होता. फक्त उजाडायच्या आत पळायचं नाही, हा धडा बिबट्याने दिलेला! मैदानी चाचणी ५० गुणांची असते. मुलांना १६०० मीटर आणि १०० मीटर धावणं, शिवाय गोळाफेक. मुलींना १६०० ऐवजी ८०० मीटर. मुलांचा गोळा ७ किलो २६० ग्रॅमचा, मुलींचा ४ किलोचा. मैदानात मी अडलो नाही. अडलो ते लेखी परीक्षेत. ती १०० गुणांची. अंकगणित, बुद्धिमत्ता, सामान्य ज्ञान आणि मराठी व्याकरण. तिथे किमान ४० टक्के मिळालेच पाहिजेत. माझं गणित कच्चं होतं. दर रविवारी इथे येऊन काळ-काम-वेगाची उदाहरणं शिकवणारे आपले सर आज समोर बसले आहेत. ते नसते तर मी मैदानातूनच घरी परतलो असतो.

दुसरी अडचण कागदाची. आपल्याला जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र दोन्ही लागतं. अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीपासूनचं कुटुंबाचं वास्तव्य बघतात. आजोबा शाळेत गेलेच नव्हते, मग पुरावा आणायचा कुठून? नातेवाइकांकडचे जुने कागद धुंडाळण्यात माझं वर्ष गेलं. म्हणून सांगतो, बारावीची वाट बघू नका. दहावीतच या कामाला लागा.

निवड झाली आणि प्रशिक्षणासाठी मला मरोळचं केंद्र मिळालं. मरोळ म्हणजे अंधेरी पूर्व, आरेला लागूनच. घर चालत जाण्याच्या अंतरावर आणि नऊ महिने मी प्रशिक्षणार्थी! सुट्टी मिळेल तेव्हाच घर. पहाटे उठायचं, पीटी, मग कवायत. 'सावधान' म्हटल्यावर नाकावर माशी बसली तरी हात हलवायचा नाही. कवायत घेणाऱ्या हवालदारांना आम्ही उस्ताद म्हणायचो. ते सांगायचे, "रागात उचललेला हात थांबवता आला पाहिजे, म्हणून ही कवायत." लाठी, रायफल, जमाव पांगवणं, सगळं शिकलो. पण माझ्या मनात घर करून राहिलाय तो कायद्याचा एक तास.

सरांनी वर्गातच पोलीस ठाणं मांडलं. एक जण ठाणे अंमलदार, एक जण खबर देणारा. माझी पाळी आली तेव्हा मी बाबांची गोष्ट सांगितली. कुणाची ते बोललो नाही. बाबा घरी बोलतात तसाच बोललो. समोरच्या मित्राने मन लावून लिहून घेतलं, "सदर फिर्यादी यांची अल्पवयीन मुलगी नमूद ठिकाणाहून…" सरांनी त्याला थांबवलं. मला विचारलं, "यातलं तुझ्या माणसाला किती कळलं?" मी म्हणालो, "मुलगी, एवढंच." सर म्हणाले, "मग पुन्हा लिहा. तो सांगतो तसं लिहा. लिहून झालं की त्याला वाचून दाखवा. मगच सही किंवा अंगठा."

ही सरांची मेहरबानी नव्हती, कायदाच तसा आहे. फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १५४ हेच सांगत होतं. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, तिचं कलम १७३ही हेच सांगतं. दखलपात्र गुन्ह्याची खबर तोंडी दिली तरी लिहून घ्यायची, वाचून दाखवायची आणि प्रत फुकट द्यायची. गुन्हा दुसऱ्या हद्दीतला असला तरी शून्य क्रमांकाने नोंदवून पुढे पाठवायचा. त्यासाठी माणसाला पिटाळायचं नाही. अठरा वर्षांखालचं मूल हरवलं, तर गुन्हा नोंदवून शोध सुरू करायचा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितलं आहे. ठाण्यात खबर घेतलीच नाही, तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी पाठवता येते. मुंबईत उपायुक्तांकडे. तिथेही दाद लागली नाही, तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं.

त्या रात्री बराकीत मला झोप लागली नाही. बाबांनी दोन ठाण्यांत मागितलं होतं ते त्यांच्या हक्काचं होतं. त्यांना वाटलं, आपण भीक मागतोय.

दीक्षान्त संचलनाला आई-बाबा आले. बाबांनी माझी टोपी हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि परत दिली. बोलले काहीच नाहीत.

आता उपनगरातल्या एका ठाण्यात मी ठाणे अंमलदारांचा मदतनीस आहे. मागच्या पावसाळ्यात रात्री एक म्हातारे गृहस्थ आले. बांधकामावर राबणारे. दारात चप्पल काढून उभे राहिले. नातू संध्याकाळपासून सापडत नव्हता, आणि तो कुठून हरवला तेही त्यांना नीट सांगता येत नव्हतं. मी म्हणालो, "बाबा, चप्पल घाला, आत या, बसा. हद्द कुणाची ते नंतर बघू." खबर ठाणे अंमलदार साहेबांनी घेतली, गाडी त्यांनी पाठवली. मी खुर्ची दिली, पाणी दिलं आणि लिहिलेलं त्यांना हळूहळू वाचून दाखवलं. पहाटे मुलगा मिळाला.

सकाळी घरी जाऊन बाबांना हे सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आत बसवलंस ना त्याला?" मी हो म्हणालो. मग ते चहा टाकायला उठले.

मुलांनो, भरतीला जरूर या. सगळ्यांना वर्दी मिळणार नाही, हे खरं आहे. पण कलम १७३ लक्षात ठेवायला वर्दी लागत नाही. आज घरी गेलात की आई-बाबांना ते समजावून सांगा. आणि कधी ठाण्यात जावं लागलंच, तर चप्पल पायात असू द्या.

जोहार!