खून कुणी केला, हे गावाला माहीत असतं



ग्रामीण साहित्य संमेलनाच्या अध्यक्षाने काय बोलायचं असतं, ते मला ठाऊक आहे. मराठीची अवस्था, वाचनाचा ऱ्हास आणि मातीचा वास. या तिन्हींवर माझ्या आधीच्या अध्यक्षांनी माझ्यासाठी फारसं काही शिल्लक ठेवलेलं नाही. म्हणून आज मी खुनांबद्दल बोलणार आहे, आणि तेही एखाददुसऱ्या नव्हे, ओळीने केलेल्या. संयोजकांना विषय कळवला तेव्हा फोनवर थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग ते म्हणाले, "सर, मग भाषण जेवणाआधी ठेवू का जेवणानंतर?" विषय बदला असं म्हणाले नाहीत. आष्ट्याला यायचं मी तिथेच पक्कं केलं.

१९९९ साली डग्लस लिंडसे या स्कॉटिश लेखकाची एक कादंबरी आली. तिचा नायक बार्नी थॉमसन ग्लासगोत केस कापायच्या दुकानात नोकरीला आहे. वय उतरणीला लागलेलं, स्वभाव कंटाळवाणा, गिऱ्हाइकाशी दोन शब्द गोड बोलणं जमत नाही. त्याची खुर्ची मोकळी असली तरी लोक बाकावर बसून दुसऱ्याची वाट बघतात. त्याच शहरात कुणीतरी एकामागून एक माणसं मारतंय आणि त्यांचे अवयव टपालाने घरच्यांना पाठवतंय. अशात बार्नीच्या हातातल्या कात्रीने चुकून मालकाचाच जीव जातो. ते निस्तरायच्या खटपटीत त्याला आईच्या घरातल्या फ्रीजरचा शोध लागतो. आत काय आहे, ते जेवणाआधी सांगत नाही.

२०१५ मध्ये रॉबर्ट कार्लाइलने यावर सिनेमा काढला आणि स्वतःच बार्नी झाला. त्याच्या आईचं काम एमा थॉम्पसनने केलं. ती त्याच्याहून फक्त दोन वर्षांनी मोठी! ज्या सांगलीत १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' उभं केलं आणि जिथल्या रंगभूमीवर पुढे कित्येक वर्षं पुरुषांनीच लुगडी नेसून बायकांची कामं केली, तिथल्या लोकांना यात नवल वाटायचं कारण नाही.

या गोष्टीत हसू येतं ते रक्ताचं नव्हे. बार्नीला मालक मेल्याचं दुःख आहेच, पण आपल्या खुर्चीत कुणी बसत नाही, याचं दुःख जुनं आहे आणि जास्त खोल आहे. माणसं मरत असताना बाकीच्यांचे मानापमान, हेवेदावे आणि चहाच्या वेळा जिथल्या तिथे चालू राहतात, त्याचं ते हसू आहे. आपल्याकडे मातीला गेलेला माणूस काय अनुभवतो? चितेला अग्नी दिल्यावर पुढाऱ्यांची श्रद्धांजलीची भाषणं सुरू होतात, कुणाला आधी बोलावलं यावरून रुसवे होतात, आणि मागे उभी असलेली माणसं उसाला तोड कधी मिळणार हे हळू आवाजात विचारून घेतात. स्कॉटिश लेखकाने हे बघितलं असतं तर त्याला तीन प्रकरणं मिळाली असती. आम्ही मात्र तिथे खाली मान घालून उभे राहतो आणि घरी येऊन मातीच्या वासावर लिहितो.

स्कॉटलंडमधल्या अशा गुन्हेकथांच्या परंपरेचा पाया घातला विल्यम मॅकइल्व्हॅनी यांनी. किल्मारनॉकच्या खाणकामगाराचा मुलगा, पेशाने शाळामास्तर. त्यांची 'लेडलॉ' ही कादंबरी १९७७ ची. पहिल्या पानावर एक पोरगा जीव घेऊन पळताना दिसतो. एका मुलीचा खून त्यानेच केलाय, हे वाचकाला लवकरच कळतं. मग उरलेल्या कादंबरीत आहे काय? त्याला लपवणारं कोण, विकणारं कोण, त्याच्या रक्ताला टपलेलं कोण आणि सगळं दिसत असून गप्प बसणारं कोण, एवढंच आहे. इयन रँकिन आणि बाकीचे त्यांच्या मागून आले.

त्याच १९७७ च्या मार्चमध्ये पुण्यातलं जोशी-अभ्यंकर खूनसत्र संपलं. चौदा-पंधरा महिन्यांत दहा खून, आणि करणारे कोण, तर चित्रकलेच्या महाविद्यालयातली पोरं. १९८३ च्या नोव्हेंबरमध्ये येरवड्याला चौघांना फाशी झाली. १९८६ साली 'माफीचा साक्षीदार' हा सिनेमा आला. पण मराठी रहस्यकथेच्या रूढ साच्यात ही पोरं बसणं अवघडच होतं, कारण त्या साच्यात खुनी बुद्धिमान लागतो आणि यांच्यात क्रौर्याखेरीज सांगण्यासारखं काही नव्हतं.

तो साचा मी कमी लेखत नाही. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक पुस्तकं लिहिली. झुंजार, काळा पहाड, धनंजय-छोटू यांनी ज्यांना वाचायला लावलं, त्यातलेच पुढे खांडेकरांपर्यंत पोहोचले. गुरुनाथ नाईक, सुहास शिरवळकर यांनी पुढच्या दोन पिढ्या वाचनालयाच्या दारात उभ्या केल्या. मात्र हे गुप्तहेर राहायचे शहरात, फिरायचे मोटारीतून. इस्लामपूर-सांगली एस.टी.ने आष्ट्याच्या स्टँडवर उतरलेला त्यांच्यातला एकही जण माझ्या वाचनात नाही. शिवाय या कथांचा सगळा जीव एका प्रश्नात असतो: खून केला कुणी? शहरातल्या बंद फ्लॅटमध्ये हा प्रश्न शोभतो. आपल्या गावात खून कुणी केला, हे पंचनाम्याआधी चावडीवर माहीत असतं. पंचांच्या सह्या होईपर्यंत मात्र ते सगळ्यांच्या डोक्यातून जातं.

आपल्या भागाचा स्वतःचाही एक साचा आहे, तो म्हणजे पोवाडा. वाटेगावच्या अण्णा भाऊ साठ्यांचा 'फकिरा' भुकेल्या माणसांसाठी धान्य लुटतो, म्हणून तो नायक, आणि त्या नायकपणाबद्दल माझी काही तक्रार नाही. पण इथून जवळच बोरगावच्या बापू बिरू वाटेगावकरांचं काय झालं ते बघा. खुनांनंतर पंचवीसएक वर्षं ते फरारी होते. पुढे जन्मठेप, सुटका आणि उतारवयात प्रवचनं. २०१८ साली वारले. त्यांच्यावर गाणी झाली, सिनेमा झाला. गरिबांच्या लेकीबाळींचा कैवारी म्हणून त्यांचं नाव घेणारी म्हातारी माणसं मला वाळव्यात पुष्कळ भेटली. ती खोटं बोलत होती असं मी म्हणत नाही. पण पोवाड्यात एक सोय असते. एकदा मारणारा वाघ ठरला की मेलेल्याच्या घरी कुणी जात नाही.

आता मी वाईकडे येतो. ऑगस्ट २०१६. एका अंगणवाडी कार्यकर्तीच्या बेपत्ता होण्याचा तपास करता करता पोलीस स्वतःला डॉक्टर म्हणवणाऱ्या एका माणसापर्यंत पोहोचले. धोमच्या त्याच्या फार्महाउसमध्ये खोदकाम झालं आणि मानवी अवशेष निघाले. २००३ पासून सहा खून, त्यात पाच बायका, असा पोलिसांचा आरोप. हा माणूस भ्रष्टाचाराविरुद्ध तक्रारी करणारा म्हणून प्रसिद्ध होता, त्यामुळे त्याच्या वाटेला जायला लोक कचरत, असं तेव्हाच्या बातम्यांत आलं होतं. तेरा वर्षं! ही काही बुद्धिमान खुन्याची गोष्ट नव्हे. एक बाई घरी येत नाही, नातेवाईक ठाण्यात जातात, रजिस्टरला 'बेपत्ता' अशी नोंद होते, आणि पारावर कुणीतरी म्हणतं, "गेली असंल कुनासंगं तरी." त्या एका वाक्याने जेवढं झाकलं गेलं, तेवढं फार्महाउसच्या मातीलाही झाकता आलं नसतं. आणि धोमचं पाणी कुठे जातं? कृष्णेतून खाली येतं, कऱ्हाडला कोयना घेतं आणि आपल्याच शिवाराला लागतं. तेव्हा ते तिकडचं प्रकरण, असं म्हणायची सोय आपल्याला नाही.

यावर कादंबरी कुणी लिहिली? आली ती मालिका. ३१ ऑगस्ट २०२० ला झी मराठीवर 'देवमाणूस' सुरू झाली. साहित्य संमेलनात टीव्ही मालिकेचं नाव घेतलं की पुढच्या रांगेतली काही मंडळी घड्याळ बघतात. बघू द्या. त्या मालिकेने मॅकइल्व्हॅनींची युक्ती साताऱ्याच्या खेड्यात आणली. डॉक्टर खुनी आहे हे प्रेक्षकाला माहीत, गावाला नाही. म्हणून तो माणसांच्या पाया पडतो, औषध फुकट देतो, तेव्हा आपल्याला हसूही येतं आणि हातपायही गार पडतात. त्यात रुक्मिणी सुतारांची सरू आजी. धड दिसत नाही, पण तोंडाचा पट्टा असा की घरोघरी तिच्या म्हणी पाठ झाल्या. या भागातल्या म्हातारीच्या जिभेवर जो विनोद आहे, तो खुनाच्या गोष्टीत एवढ्या थेट आलेला मी आधी पाहिला नव्हता. पुढे मालिका ताणली गेली, पाणी घातलं गेलं, दुसरा भाग निघाला, तेव्हा तिच्यातला गावाचा दोष पातळ होत गेला आणि डॉक्टरचा रुबाब वाढत गेला. बार्नी थॉमसनला रुबाब नाही, हे लिंडसेने कटाक्षाने पाळलं आहे.

मराठी साहित्यात याचा नमुनाच नाही, असं मात्र समजू नका. तो याच तालुक्यातला आहे. अण्णा भाऊंची 'स्मशानातील सोनं' पुन्हा काढून वाचा. वारणेकाठचा भीमा पोटासाठी मुंबईला जातो, खाणीत काम करतो. खाण बंद पडते. मग तो रात्री मढी उकरून त्यांच्या अंगावरचं सोनं काढू लागतो. कोल्ह्यांशी झुंजतो. शेवटी प्रेताच्या जबड्यात त्याचा हात अडकतो, बोटं जातात, आणि कळतं की बंद पडलेली खाण पुन्हा सुरू झाली आहे. तिकडे स्कॉटलंडात, एडिंबरोत १८२८ साली बर्क आणि हेअर या दोघांनी सोळा माणसं मारली आणि प्रेतं शरीरशास्त्राच्या डॉक्टर नॉक्सना विकली. हेअर माफीचा साक्षीदार होऊन सुटला. बर्क फासावर गेला आणि त्याचंही शेवटी विच्छेदनच झालं. त्याचा सांगाडा अजून तिथल्या विद्यापीठाच्या संग्रहात आहे. या घटनेवर स्कॉटलंड जवळजवळ दोनशे वर्षं लिहितंय, त्यात स्टीव्हन्सनही आला. आपण अण्णा भाऊंच्या भीमाला पाठ्यपुस्तकात आणि जयंतीच्या भाषणात बसवलं आणि त्याच्या पुढचं पाऊल टाकायचं राहिलं. माझ्या मते ती मराठीतली पहिल्या प्रतीची गुन्हेकथा आहे. तिच्यात पोलिसाची गरज नाही आणि खलनायकाचीही नाही. खाण कुणी बंद केली, ते कथा विचारत नाही, म्हणून वाचक विचारतो.

विनोदाबद्दल एक धोका सांगायला हवा. जून २०२२ मध्ये मिरज तालुक्यातल्या म्हैसाळला एकाच कुटुंबातली नऊ माणसं मेली. सावकारीला कंटाळून सामूहिक आत्महत्या, अशी पहिली गोष्ट झाली. ती सगळ्यांना लगेच पटली, कारण तशी सावकारी आपण रोज बघतो. आठवडाभरात पोलिसांनी सांगितलं की गुप्तधनाची लालूच दाखवणाऱ्या मांत्रिकाने विष घातलं. यावर उद्या कुणी लिहायला बसला तर त्या घराची थट्टा करू नये. मेलेल्यांचं घर आपल्यापासून एका एस.टी.च्या अंतरावर आहे, याचं स्कॉटिश लेखकाला ग्लासगोत जेवढं भान असतं त्याहून जास्त आपल्याला हवं. हसायला जागा दुसरीकडे मुबलक आहे. पहिली गोष्ट ऐकताच माना डोलावणारे आपण आहोत. दुसरी गोष्ट ऐकून "मला आधीच वाटलं होतं" म्हणणारेही आपणच आहोत. आणि मांत्रिकाकडे स्वतः दोनदा जाऊन आलेला, पण पेपरात अंधश्रद्धेवर लेख लिहिणारा एखादा तरी या मंडपात असेलच.

दुपारच्या कथाकथनात तालुक्यातली पाच-सहा तरुण मुलं-मुली वाचणार आहेत, असं पत्रिकेत दिसतं. त्यांना माझी विनंती एवढीच की खुन्याचं नाव पहिल्या पानावर सांगून टाका. त्याला हुशार करू नका, देखणा करू नका, त्याच्या बालपणावर तीस पानं खर्च करू नका. त्याला गावच्या डिजिटल फलकावर 'भावपूर्ण श्रद्धांजली'च्या खालच्या फोटोंत उभा करा, दुसऱ्या ओळीत, हात जोडून. मग ज्या बाईची नोंद 'बेपत्ता' म्हणून झाली, तिचा दिवस सकाळपासून लिहा. तिने डब्यात काय दिलं, कुणाकडून उसने पैसे घेतले होते, बचत गटाचा हप्ता कुणाकडे भरला. ठाण्यातला हवालदार तिच्या भावाला कितव्या खेपेला 'बसा' म्हणाला, तेही लिहा. आणि पारावरची माणसं जशी बोलतात तशीच बोलू द्या, त्यांना सुधारू नका. त्यांच्या तोंडचं हसू फार लवकर येतं, ते तसंच येऊ द्या.

मी पहिल्या रांगेत बसून ऐकणार आहे. संयोजकांनी भाषण शेवटी जेवणाआधीच ठेवलं. आता पान वाढलं असेल, चला.