गाडी मध्येच का मरते?



आज आपण मोटारसायकलविषयी बोलणार आहोत. हसू नका. आम्ही जन्मभर सायकल चालवली, फटफटीवर बसलो ते पेन्शनीत गेल्यावर. तेव्हा आम्ही काही मेस्त्री नव्हे. पण आमच्या शेजारी एक गोष्ट घडली. तीत पैसा वाया गेला, आणि आणखी जाणार होता. तो कसा वाचला, ते सांगतो.

शेजारची बाय मालवणच्या बंदरावर लिलावात मासळी घेते. तिचा मुलगा ती मोटारसायकलवरून चौके, कट्टा या बाजूला नेऊन विकतो. ऊन चढायच्या आत मासळी खपली पाहिजे. बर्फ कोणासाठी थांबत नाही. गेल्या वर्षी त्याने जुनी, शंभर सीसीची गाडी विकत घेतली. आधीच्या मालकाने ती पुसून लखलखीत करून दिली होती. पंधरा दिवसांत तिचे दुखणे कळले.

गाडी पहिल्या किकला चालू होई. हळू चालवली तर नीट चाले. सपाट रस्त्यावर मूठ पुरती पिळली तर पळेही. पण मूठ अर्ध्यावर आली की गुदमरे, हिसके देई. कुंभारमाठचा चढ, मागे मासळीचा क्रेट, आणि गाडी दम टाकते! अर्ध्या मुठीवरच तर रोजचा सगळा प्रवास असतो.

एका गॅरेजात प्लग बदलला. दुसऱ्यात कॉइल बदलली. अठराशे रुपये गेले, दुखणे तिथेच. तिसऱ्याने सांगितले, "बोअर-पिस्टन गेलो. इंजिन उघडूक होया." खर्च सात हजार. बायने हातातल्या दोन पाटल्या काढल्या आणि पतपेढीत ठेवायला निघाली. वाटेत आमच्या पडवीत टेकली, म्हणून आम्हाला कळले.

आमचा एक जुना विद्यार्थी कुडाळकडे गाड्यांची कामे करतो. आम्ही बायला म्हटले, "बाय, एक दिवस थांब. त्याला विचारून बघू." तो दुसऱ्या दिवशी आला. आला तो हसतच. म्हणाला, "गुरुजी, तुमी माका चौथीत दोनदा बसवलास. पण तुमचा एक सांगणा ध्यानात रवला. गणित सोडवच्या आधी गणित वाचूचा."

आणि खरेच, त्याने पाना हातात घेतला नाही. आधी मुलाला प्रश्न विचारले.

"आवाज वाढतो आणि वेग वाढत नाही, असे होते का?" तसे असेल तर क्लच घसरतो. इंजिनाचा दोष नव्हे. मुलगा म्हणाला, नाही, आवाजच दबतो.

मग गाडी मधल्या स्टँडवर घेऊन, न्यूट्रल करून, मागचे चाक हाताने फिरवले. ब्रेक धरून राहिला असेल तर चाक जड फिरते, आणि माणूस इंजिनाला शिव्या देतो. चाक मोकळे होते.

"दोन-चार मैल गेल्यावर बंद पडते आणि टाकीचे झाकण उघडले की पुन्हा चालते, असे होते का?" टाकीच्या झाकणाला हवेचे बारीक भोक असते. ते बुजले तर पेट्रोल खाली उतरत नाही. तेही नव्हते.

मग तो म्हणाला, "रिंगा गेल्या असत्या तर गाडी सगळीकडेच कमजोर झाली असती. सकाळी किकला रडली असती, निळा धूर टाकला असता. ही फक्त मध्येच मरते. म्हणजे दोष मधल्या जागेचा."

आता ही मधली जागा कुठली? त्यासाठी कार्बोरेटर समजून घेऊ. नाव कठीण आहे, पण काम चुलीसारखे आहे. चुलीत लाकूड फार कोंबले तर धूर होतो, कमी घातले तर जाळ बसतो. इंजिनातही पेट्रोल आणि हवा यांचे प्रमाण असते. एक किलो पेट्रोल नीट जळायला जवळजवळ पंधरा किलो हवा लागते. हवा पंधरा किलो म्हणजे किती? आठ फूट लांब, आठ फूट रुंद नि सात फूट उंच खोलीत मावते तेवढी! हे प्रमाण कार्बोरेटर राखतो.

त्यात पेट्रोलच्या वाटा निरनिराळ्या आहेत. मूठ सोडलेली असताना किंवा जराशी पिळली असताना एका बारीक भोकातून पेट्रोल येते. मूठ पुरती पिळली की मोठ्या भोकाचे माप चालते. पण पाव मुठीपासून पाऊण मुठीपर्यंत मुख्य कारभार एका पितळी सुईचा असतो. ही सुई वर जाड, खाली निमुळती. ती एका भोकात उभी असते. मूठ पिळली की सुई वर उचलते, तिचा बारीक भाग भोकात येतो, फट वाढते आणि पेट्रोल जास्त येते. शिपण्याच्या वेळी पाटाच्या तोंडावरची माती थोडी थोडी काढतात, तसेच.

म्हणून दुखणे मुठीच्या कुठल्या जागी होते, हे कळले की अर्धे काम झाले. आमच्या विद्यार्थ्याने मुठीवर चिकटपट्टी लावली आणि पेनाने रेघा मारल्या: पाव, अर्धी, पाऊण. मुलाला चढावर पाठवले. तो परत येऊन म्हणाला, "पाव ते पाऊण. बरोबर थयच."

आता पेट्रोल जास्त येते की कमी? याची परीक्षा बिनपैशाची आहे. त्याने गाडी थांबवून चोक अर्धा ओढून ठेवला आणि त्याच चढावर पुन्हा पाठवले. चोक ओढला म्हणजे हवा कमी, पेट्रोल जास्त. गाडी आणखी बिघडली असती, तर पेट्रोल आधीच जास्त होते असे ठरले असते. मग जांभ्याच्या लाल धुळीने बुजलेला एअर फिल्टर पाहायचा, किंवा सुई घासून तिचे भोक मोठे झाले आहे का ते पाहायचे. पण गाडी सुधारली! चढ हसत चढली. म्हणजे पेट्रोल कमी पडत होते, किंवा कुठून तरी चोरटी हवा शिरत होती.

प्लग काढून पाहिला. त्याचे टोक फिकट तपकिरी असावे. काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. काळा आणि तेलकट म्हणजे इंजिनातले तेल वर येते. तेव्हा मात्र रिंगांचा संशय घ्यावा. हा प्लग पांढरा पडला होता. अशी गाडी फार तापते. तशीच रेटली असती तर पिस्टन खरेच गेला असता.

कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधल्या रबराला चीर पडली तर तिथून हवा शिरते. आपल्याकडे जुनी रबरे लवकर तडकतात. गाडी सावकाश चालू ठेवून त्या सांध्यावर साबणाचे पाणी ब्रशाने लावले. चीर असती तर इंजिनाचा आवाज बदलला असता. बदलला नाही.

आता कुठे पाना निघाला. पेट्रोलचा नळ बंद केला, बिड्या ओढणाऱ्यांना अंगणाबाहेर घालवले. (आम्हीच घालवले, ती सवय जात नाही.) सुई बाहेर आली. काही गाड्यांत सुईच्या डोक्याशी तीन-चार खाचा असतात आणि एका खाचेत बारीक क्लिप बसते. ही क्लिप सगळ्यांत वरच्या खाचेत होती. क्लिप वर, म्हणजे सुई खाली, म्हणजे पेट्रोल कमी. कोणीतरी ॲव्हरेज वाढवण्यासाठी हा उद्योग केला होता. गाडी विकताना "लिटरला इतके पळते" म्हणून सांगायला ते बरे पडते.

त्यात हल्ली पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते. म्हणून जुन्या कार्बोरेटरला तेच भोक आता थोडे अपुरे पडते. शिवाय इथेनॉल पाणी ओढून घेते. पावसाळ्यात गाडी बरेच दिवस उभी राहिली तर कार्बोरेटरच्या तळातले पेट्रोल काढून टाकावे.

क्लिप एक खाच खाली घेतली. जेट पेट्रोलने धुतले. एअर फिल्टर नवा घातला, कारण जुना पाहवत नव्हता. फिल्टरचे पैसे तेवढे घेतले. मजुरी म्हणून दोन बांगडे नेले.

एक सांगायला हवे. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचा नियम आला. त्यानंतरच्या बहुतेक मोटारसायकलींत कार्बोरेटर नाही. तिथे यंत्र मोजून पेट्रोल फवारते. त्या गाडीत ही सुई शोधू नका. पण क्लच, ब्रेक, फिल्टर आणि "नेमके कधी मरते" हा प्रश्न तिलाही लागू आहे.

मुलगा त्या संध्याकाळी क्रेटात दगड भरून कुंभारमाठचा चढ चढून आला. पाटल्या बायच्या हातात आहेत. आता मुलाची नवी तक्रार आहे, की ॲव्हरेज लिटरमागे चार-पाच किलोमीटरने घटले. मुठीवरची चिकटपट्टी मात्र त्याने अजून काढलेली नाही.