देणाऱ्याला आधी विचारा

(पेण येथील वासंतिक व्याख्यानमालेतील व्याख्यान)

२१ सप्टेंबर २००८ चा रविवार इथल्या अनेकांना आठवत असेल. हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांत त्या दिवशी मतदान झालं. उमेदवार कोणी नव्हता, चिन्ह नव्हतं. खासगी कंपनीच्या महामुंबई सेझसाठी, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रासाठी, तुमची जमीन द्यायला तुम्ही तयार आहात का, एवढंच जिल्हा प्रशासनानं खातेदारांना विचारलं होतं. खातेदारांनी मोठ्या बहुमतानं ‘नाही’ म्हणून सांगितलं.

खासगी विकासकाला सार्वजनिक पैसा द्यायचा की नाही, हे गावानं, शहरानं कसं ठरवावं, हा माझा आजचा विषय. तुम्ही म्हणाल, आमची नगरपरिषद कुठे बिल्डरला पैसे देते? खरं आहे, धनादेश कोणी फाडत नाही. पण नगरपरिषदेची मोक्याची जागा बीओटीवर (बांधा, वापरा, हस्तांतरित करा) जाते. आरक्षणाच्या बदल्यात वाढीव चटईक्षेत्र मिळतं. प्रकल्पाच्या दारापर्यंत रस्ता आणि जलवाहिनी आपल्या खर्चानं पोचते. हा सगळा पैसाच आहे. तो अंदाजपत्रकात दिसत नाही, म्हणून त्यावर सभागृहात वाद होत नाही.

सेझचंच पाहा. पेण, उरण आणि पनवेल तालुक्यांतली ४५ गावं आणि सुमारे १०,००० हेक्टर जमीन, असा तो आवाका होता. २००५ च्या सेझ कायद्यानं सीमाशुल्कापासून आयकरापर्यंत सवलती दिल्या होत्या. पण माझ्या मते सर्वांत मोठी देणगी वेगळीच होती. एवढी सलग जमीन बाजारात विकत घ्यायला निघा. वडिलोपार्जित भातखाचर सोडायचं नाही म्हणणारा एक जरी मधे उभा राहिला, तरी नकाशा अडतो. मग त्याची मनधरणी करावी लागते, भाव वाढवावा लागतो, नाहीतर नकाशा बदलावा लागतो. १८९४ च्या भूसंपादन कायद्यानं सरकारनं ती अडचणच दूर करायची ठरवली. सरकारची सक्ती खासगी कंपनीच्या कामी आली. तिची किंमत किती कोटी, हे कोणत्या कागदावर मांडलं होतं? माझ्या वाचनात असा कागद आलेला नाही.

हेटवणेचं पाणी हा त्या वादाचा गाभा होता. धरण सरकारी पैशानं झालं, सिंचनासाठी म्हणून झालं. कालवे शेतापर्यंत पुरते पोचले नाहीत, आणि पाणी मात्र नवी मुंबईकडे गेलं. शेतकरी म्हणत होते, ओलिताची जमीन घेऊ नका, आमच्या वाट्याचं पाणी आधी आम्हाला द्या. ही मागणी विकासाच्या आड येणारी आहे असं मला कधीच वाटलं नाही. ज्या गुंतवणुकीवर आपला पहिला हक्क, तिचा हिशेब मागणं होतं ते.

त्या मतदानाला कायद्याचं बंधन नव्हतं. आणि ते झालं कधी? अधिसूचना निघाल्या, नोटिसा आल्या, मोर्चे निघाले, प्रा. एन. डी. पाटील आणि उल्का महाजन यांच्यासारख्यांनी आंदोलन उभं केलं, त्यानंतर. पुढे संपादनाची कायदेशीर मुदत टळली आणि ते बारगळलं. २०१३ च्या नव्या कायद्यानं खासगी प्रकल्पासाठी ८० टक्के आणि भागीदारीच्या प्रकल्पासाठी ७० टक्के बाधितांची संमती बंधनकारक केली. आधी विचारणं आता कायद्यात आलं आहे. पण ते जमिनीच्या संपादनापुरतं. चटईक्षेत्र, भाडेपट्टे आणि पाणी यांबाबत असं विचारणं अजून आलेलं नाही.

द्यायचंच नाही, असं माझं म्हणणं नाही. हडपसरच्या शेतकऱ्यांनी मगरपट्टा उभारताना सुमारे ४०० एकर जमीन एकत्र केली आणि स्वतःच कंपनीचे भागीदार झाले. तिथे सरकारनं परवानगी दिली, रस्ते दिले, तरी मी तक्रार करणार नाही, कारण लाभ मूळ मालकांकडे राहिला. उलट पवई आठवा. १९८६ च्या त्रिपक्षीय करारानं तिथली जमीन विकासकाला नाममात्र भाड्यानं ८० वर्षांसाठी दिली गेली. अट होती ४० आणि ८० चौरस मीटरची, सामान्यांना परवडणारी घरं बांधण्याची. तिथे उभं राहिलं ते श्रीमंतांचं उपनगर. २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं ठरलेल्या आकाराची सुमारे ३,००० घरं आधी बांधा असा आदेश दिला. करार होऊन तोवर २५ वर्षं उलटली होती. अट होती, पण अटीला तारण नव्हतं.

तारणाशिवाय दिलेल्या पैशाचं काय होतं, हे पेणला मी काय सांगू? २०१० मध्ये पेण अर्बन बँकेवर निर्बंध आले, तेव्हापासून ठेवीदारांच्या घरांतून हा धडा गिरवला जातोय. बँकेकडून आपण जी अपेक्षा ठेवतो, तीच नगरपरिषदेकडून ठेवावी. दिलेल्या जागेचं, चटईक्षेत्राचं बाजारभावानं मूल्यांकन व्हावं, आणि ते विकासकाच्या नव्हे तर स्वतंत्र मूल्यांककाकडून. काय परत मिळणार, कधी मिळणार, ते करारात लिहावं. न मिळाल्यास वटवता येईल अशी बँक हमी घ्यावी. सार्वजनिक सुविधेचा ताबा आल्याशिवाय विक्रीच्या इमारतीला भोगवटा दाखला देऊ नये. या शेवटच्या अटीसाठी मी भांडायला तयार आहे.

आणि हे सारं ठरावाच्या आधी मराठीत, नगरपरिषदेच्या फलकावर, किमान महिनाभर लागावं. कर भरणाऱ्याला वाचायला आणि विचारायला तेवढा वेळ हवा.

हे आज सांगण्याचं कारण समोर आहे. आपल्या भागाला मुंबईशी जोडणारा अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये खुला झाला. त्याच वर्षी उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतल्या १२४ गावांसाठी नवनगर विकास प्राधिकरण म्हणून एमएमआरडीए नेमली गेली. पुन्हा जमीन लागेल, पुन्हा पाणी लागेल, पुन्हा सवलती मागितल्या जातील. तुमच्या गावाचं नाव त्या यादीत असेल, तर ग्रामसभेत पहिला प्रश्न हा विचारा: आमच्याकडून काय जाणार आहे, त्याची किंमत किती, आणि ती कोणी काढली? उत्तर लेखी घ्या.