तारीख आपली आपण पाहूया

लग्न करून आम्ही भारतातून इंग्लंडला आलो, तेव्हा पासपोर्ट कपाटात ठेवला आणि विसरलो. जोडीदाराचा पहिला व्हिसा 33 महिन्यांचा असतो. पुढे 30 महिन्यांची मुदतवाढ घ्यावी लागते. "हे बघतील," म्हणत आम्ही निर्धास्त राहिलो.

आमच्यातली एक इस्पितळात होती, तेव्हाच तिची मुदत संपली. घरी आल्यावर कळलं, पण भीतीनं ती गप्प राहिली. दाराची बेल वाजली तरी धस्स व्हायचं. शेवटी आम्हीच तिला नोंदणीकृत सल्लागाराकडे नेलं. मुदत संपल्यापासून 14 दिवसांच्या आत, आपल्या हाताबाहेरचं कारण पुराव्यासह दिलं, तर उशीर माफ होऊ शकतो. इस्पितळाचे कागद जोडून बाराव्या दिवशी तिचा अर्ज गेला.

आणि छळामुळे संसार मोडला असेल, तर व्हिसासाठी तिथेच राहू नका. अशा पत्नीला तीन महिन्यांची वेगळी परवानगी आणि सरकारी मदत मागता येते. तेवढ्यात कायम वास्तव्याचा अर्ज करता येतो.

आज रात्रीच आपली तारीख बघा, वहीत लिहा. संसार दोघांचा असला, तरी व्हिसा आपल्या नावाचा आहे.