फॉरमॅट मारण्याआधी



कार्यक्रमपत्रिकेत माझा विषय ‘घरातला संगणक : निगा आणि दुरुस्ती’ असा छापलाय. निगेचं लगेच आटोपतो. धूळ झाडा, बॅकअप ठेवा. हे तुमची नातवंडंही सांगतात. दुरुस्तीबद्दल मात्र मला एकच गोष्ट सांगायची आहे आणि तेवढ्यासाठीच मी आलोय. सुरू होताहोताच बंद पडणारा संगणक उचलला आणि फॉरमॅट मारला, याला दुरुस्ती म्हणत नाहीत. दोष पुष्कळदा वाय-फायच्या एवढ्याशा कार्डात असतो, नाहीतर त्याच्या ड्रायव्हरच्या एका फायलीत. त्यापायी घरातले फोटो, पत्रं, हिशोब सगळं पुसलं जातं, याचं मला फार वाईट वाटतं.

ड्रायव्हर म्हणजे संगणकाचा एखादा भाग विंडोजला वापरू देणारा छोटा प्रोग्रॅम, हे तुम्हाला ठाऊक आहे. एवढंच लक्षात घ्या, ब्राउझर कोसळला तर फक्त ब्राउझर बंद होतो. वाय-फायचा ड्रायव्हर कर्नेलमध्ये, म्हणजे यंत्रणेच्या गाभ्यात चालतो. त्याने भलत्याच मेमरीला हात घातला की विंडोज स्वतःहून सगळं थांबवते, कारण तसंच पुढे रेटलं तर डिस्कवरची माहिती नासू शकते. तोच तो निळा पडदा. नव्या विंडोज ११मध्ये तो काळा झालाय.

आमच्या सोसायटीत एक निवृत्त शिक्षिका राहतात. वडिलांच्या डायऱ्या त्या लॅपटॉपवर टाइप करतात. लॅपटॉप सुरू व्हायचा, पासवर्ड घ्यायचा, डेस्कटॉप दिसायचा आणि क्षणात निळा पडदा. परत सुरू, परत तेच. दुकानात नेला, तर उत्तर मिळालं, “विंडोज उडालंय, फॉरमॅट मारावा लागेल.” बाई घाबरून तो तसाच परत घेऊन आल्या. मी विचारलं, “दुकानात किती वेळ चालला?” म्हणाल्या, “तिथे? तिथे तर नीट चालला हो! ते म्हणाले, आत्ता चालतोय तोवर फॉरमॅट मारून टाकू.” (हशा)

हसू नका, सगळं निदान त्या वाक्यात आहे. दुकानातल्या वाय-फायचा पासवर्ड त्या लॅपटॉपला माहीत नव्हता. घरी आला की तो ओळखीचं नेटवर्क शोधायचा, जोडला जायचा आणि कोसळायचा. मी त्यांचा राउटर बंद केला. लॅपटॉप चालू राहिला. राउटर लावला, कोपऱ्यातलं वाय-फायचं चिन्ह भरलं आणि पडदा निळा. त्यावर स्टॉप कोड होता ‘ड्रायव्हर आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल’, आणि खाली ‘व्हॉट फेल्ड’च्या पुढे एका फायलीचं नाव, वाय-फाय कार्डाच्याच ड्रायव्हरचं. दोषी कोण, हे पडद्यानेच लिहून दिलं होतं, फक्त कुणी ते वाचलं नव्हतं. विंडोज अपडेटबरोबर नवा ड्रायव्हर आला होता. तो काढून जुना बसवला, आणि बाई पुन्हा डायऱ्यांना बसल्या.

(मागच्या रांगेतून : “गिऱ्हाईकाला तासाभरात मशीन हवं असतं, साहेब!”)

बरोबर आहे तुमचं. मी दुकानदारांवर खापर फोडत नाही. घाई आपण गिऱ्हाईकंच करतो. पण मी सांगतोय ती तपासणी फॉरमॅटपेक्षा लवकर होते. ऐका.

लॅपटॉप दोन-तीनदा लागोपाठ सुरू होताना पडला की विंडोज आपणहून दुरुस्तीच्या पडद्यावर जाते. तिथे ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट. मग आकडे दिसतात. ४ म्हणजे साधा सेफ मोड, ५ म्हणजे नेटवर्कसह सेफ मोड. आधी ४ दाबा. तिथे वाय-फायचा ड्रायव्हर चढतच नाही. मग ५ करून बघा. चारवर टिकतो आणि पाचवर पडतो, म्हणजे संशय नेटवर्कच्या ड्रायव्हरवर पक्का. पुन्हा चारमध्ये या, डिव्हाइस मॅनेजर उघडा, नेटवर्क अडॅप्टर्स, त्यातला वाय-फाय, ड्रायव्हरचा टॅब, ‘रोल बॅक ड्रायव्हर’. ते बटण फिकट असेल तर अनइन्स्टॉल करा, ड्रायव्हर काढून टाकण्याच्या चौकटीत खूण करून. नंतर दुसऱ्या संगणकावर लॅपटॉपच्याच कंपनीच्या साइटवरून ड्रायव्हर उतरवून पेनड्राइव्हने आणा. आणि काम झालं की शट डाउन नको, रीस्टार्ट करा. विंडोज ८पासून फास्ट स्टार्टअप आलंय. त्यात शट डाउन केलं तरी कर्नेल डिस्कवर जपून ठेवलं जातं आणि पुढच्या वेळी तेच उचललं जातं.

हे घरगुती उपाय आहेत असं ज्यांना वाटतं त्यांना १९ जुलै २०२४ आठवत असेल. शुक्रवार होता. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या अपडेटमध्ये एक सदोष फाइल आली. ती वाचणारा कंपनीचा ड्रायव्हरही कर्नेलमध्येच चालणारा. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख संगणक कोसळले, सुरू होताना पुन्हापुन्हा पडत राहिले. विमानं थांबली, रुग्णालयांची कामं अडली. आपल्याकडे विमानतळावर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. आता उपाय काय निघाला बघा. सेफ मोडमध्ये जा, ठरावीक फोल्डर उघडा, नावात २९१ असलेली ती फाइल काढा, रीस्टार्ट करा. जगभरातल्या तंत्रज्ञांनी एकेका यंत्रापुढे बसून हे केलं. बँकांनी, विमान कंपन्यांनी सरसकट फॉरमॅट मारत बसायचं म्हटलं असतं तर? माहिती जिथल्या तिथे होती, वाट अडवणारी फाइल एक होती. बाईंच्या लॅपटॉपमध्येही तेच होतं. मला हे राहूनराहून सांगावंसं वाटतं, कारण…

(अध्यक्षांकडून चिठ्ठी येते.)

पाच मिनिटं राहिली म्हणतात. मग कार्डाचं भरभर सांगतो.

ड्रायव्हर बदलूनही पडत असेल तर कार्ड काढून बघा. पॉवर काढा, मागचं झाकण उघडा, आधी बॅटरीची पिन सोडवा. साधारण २२ बाय ३० मिलिमीटरचं कार्ड दिसेल, एका स्क्रूने दाबलेलं. त्यावर अँटेनाच्या दोन बारीक वायरी, बहुधा एक काळी, एक पांढरी. कुठली कुठे होती त्याचा फोटो काढा आणि टोकं नखाने सरळ वर उचला, ओढू नका. कार्डाविना लॅपटॉप टिकला तर दोष त्या कार्डाकडेच. नवीन घेताना जपून. जुन्या लेनोव्हो, एचपीच्या कित्येक मॉडेलांचं बायॉस यादीबाहेरचं कार्ड स्वीकारतच नाही, सुरू होतानाच अडवतं. इंटेलचं एएक्स२०१ खाचेत बसतं, पण चालतं ते जुळणाऱ्या इंटेल बोर्डावरच. काही पातळ लॅपटॉपांत कार्ड बोर्डालाच जोडलेलं असतं. तिथे डिव्हाइस मॅनेजरमधून ते डिसेबल करा आणि यूएसबीचं वाय-फाय लावा.

बिटलॉकरचं, म्हणजे डिस्कवरची माहिती कुलूपबंद करणाऱ्या विंडोजच्या सोयीचं, राहत होतं. दुरुस्तीच्या पडद्यावर ४८ अंकी किल्ली मागितली जाऊ शकते. क्राउडस्ट्राइकच्या दिवशी कित्येक जण तिथेच अडकले. आज घरी गेल्यावर मायक्रोसॉफ्ट खात्यातून ती कागदावर उतरवून ठेवा.

आणि कार्ड काढूनही निळा पडदा आलाच, तर वाय-फाय निर्दोष आहे, रॅम आणि डिस्क तपासायला घ्या. त्यातही काही हाती लागलं नाही, तर फायली बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्या, त्या उघडतायत ना ते दुसऱ्या संगणकावर बघा. त्यानंतर मारा फॉरमॅट, माझी हरकत नाही.