किल्ल्यातला शब्द आणि मतपेटीतला जबाब



निवडणूक जवळ आली की पुढाऱ्यांच्या तोंडी मतदाराची आरती सुरू होते. मतदार राजा, मतदार मायबाप! आम्ही म्हणतो, आरती पुरे, दिल्या शब्दाचा हिशेब दाखवा. ताग्यात डाग निघाला की विणकराचा पगार कापला जात असे. मग पुढाऱ्याच्या शब्दाला डाग पडला तर दंड कुणी करायचा? तो दंड करायचं हत्यार म्हणजे मत.

हा हिशेब आपल्या नगरपासूनच मांडू. पारनेर-संगमनेरची माणसं मुंबईच्या गिरण्यांत राबत होती, तेव्हा देशाचे पुढारी नगरच्या भुईकोट किल्ल्यात कैदेत होते. १९४२ च्या ऑगस्टात त्यांना तिथे आणलं. जवाहरलाल नेहरू, वल्लभभाई पटेल, पट्टाभि सीतारामय्या आणि आपले शंकरराव देवही त्यांत होते. त्या किल्ल्यात १९४४ साली नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिलं. त्यात निवडणुकीबद्दल त्यांनी रोखठोक सांगितलं आहे. निवडणुकीत माणसाची वाईट बाजू वर येते, हे त्यांनी लपवलं नाही. पण मतदार थोडे असले की ही घाण जास्त, आणि मतदार वाढले की कमी, हा त्यांचा अनुभव. मालमत्तेच्या किंवा शिक्षणाच्या अटीवर निवडलेल्या मूठभरांपेक्षा आपला भरवसा अफाट जनतेच्या मतावर, असं त्यांनी लिहिलं. त्या काळी शेतसारा, घरपट्टी, शिक्षण असल्या अटींमुळे मत फार थोड्यांना होतं. शब्द मोठा होता आणि खराही होता. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत १७ कोटींवर स्त्री-पुरुषांची नावं यादीत आली. श्रेय द्यायचं तिथे आम्ही देतो.

आता पुढचं पान उलटा. १९२० साली नागपूरला काँग्रेसने आपले प्रांत भाषेवर बसवले. १९४५-४६ च्या निवडणुकीत भाषावार प्रांतांचं वचन देऊन मतं मागितली. मतं मिळाली. आणि १९४९ साली भाषावार प्रांत लांबणीवर टाकणारा अहवाल कुणी दिला? जवाहरलाल, वल्लभभाई, पट्टाभि यांनी! नगरच्या किल्ल्यात राहून गेलेली हीच तीन माणसं. मुंबई महाराष्ट्राला देऊ नये, असंही त्यांत होतं. जनतेच्या मतावर भरवसा आहे म्हणता, मग मराठी जनतेनं मत दिलं की तो भरवसा जातो कुठे?

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी याच दुखण्यावर बोट ठेवलं होतं. २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत ते म्हणाले की, राजकारणात एका माणसाला एक मत आणि प्रत्येक मताला सारखी किंमत मिळेल, पण समाजात आणि पोटापाण्याच्या व्यवहारात ती समता नसेल. ही विसंगती लवकर काढली नाही तर लोकशाहीच धोक्यात येईल. आणि राजकारणातली व्यक्तिपूजा हुकूमशाहीकडे नेते, हेही त्यांनी तिथेच बजावलं. सहा वर्षांनी, १९५५ च्या डिसेंबरात फलटणला यशवंतराव चव्हाणांनी काय सांगितलं? नेहरू की संयुक्त महाराष्ट्र अशी निवड आली तर आपण नेहरूंकडे, असा त्याचा अर्थ.

गोळीबारात शंभरावर हुतात्मे पडले. आंदोलनाला झुंडशाही म्हणून हिणवलं गेलं. पण १९५७ च्या मतपेटीला झुंड कोण म्हणणार? नगरमधून र. के. खाडिलकर आणि कोपरगावमधून बी. सी. कांबळे समितीच्या पाठिंब्यावर लोकसभेत गेले. ज्या किल्ल्यातून जनतेवरचा भरवसा लिहिला गेला, त्या जिल्ह्यानं मतानंच जबाब दिला! गिरणगावानं डांग्यांना पाठवलं. कराडात खुद्द चव्हाण जेमतेम निसटले. गुजरात, विदर्भ, मराठवाड्याच्या जोरावर काँग्रेसचं राज्य टिकलं खरं, पण पश्चिम महाराष्ट्रात तिचा पाया खचला. दिल्लीला आकडे बरोबर वाचता येतात. तीन वर्षांत, १ मे १९६० ला, मुंबईसह महाराष्ट्र झाला. रक्त रस्त्यावर सांडलं होतं, त्याची दखल मतांनी घ्यायला लावली.

काम मात्र पुरं झालेलं नाही. बेळगाव, निपाणी, कारवार बाहेरच राहिले. तिथल्या मराठी माणसानं महाराष्ट्र एकीकरण समितीला मत देऊन वर्षानुवर्षं कौल दिला. २००४ साली महाराष्ट्रानं सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. त्या कौलाची किंमत कोण करणार? प्रत्येक उमेदवाराला हे तोंडावर विचारा.

म्हणून बाबांनो, बायांनो, सांगतो ते ध्यानात ठेवा. यादीत आपलं नाव आहे का, ते आधी पाहा. गावी नाव आणि शहरातही नाव असं चालत नाही. जिथे राहता तिथे एकाच ठिकाणी नाव ठेवा. मतदानाच्या दिवशी पगारी सुट्टी हा कायद्यानं दिलेला हक्क आहे, मालकाची मेहेरबानी नव्हे. ती सुट्टी घ्या आणि आधी केंद्रावर जा. रात्री कुणी पाकीट घेऊन आला तर त्याला विचारा, "पाच वर्षांची मजुरी एका रात्रीत चुकवतोस व्हय?"

पुढाऱ्यांची भाषणं जरूर ऐका. चांगला शब्द ध्यानात ठेवा, आणि पुढच्या वेळी त्याच शब्दाची पावती त्याच्यापुढे धरा. मान द्या, मत मात्र हिशेब पाहूनच द्या!

जय महाराष्ट्र!