उन्हाची वाट पाहताना

कॅप्टन लिनियस ट्राइप याने १८५८ साली तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या पायथ्याशी कोरलेल्या लेखांची छायाचित्रे घेतली. २१ चित्रे जोडून सुमारे १९ फुटांची पट्टी सिद्ध झाली. तो मद्रास सरकारचा नोकर. परंतु तेच काम कुणी केवळ हौसेने केले, तर त्याच्या पदरी काय पडते?

दगडातील अक्षर भर दुपारी सपाट दिसते. ऊन तिरपे झाले की खाचेत सावली भरते आणि ते उठून येते. तोवर थांबावे लागते. (सरफोजीराजांनी १८०३ साली कोरविलेला मराठी लेखही याच आवारात आहे, आपले पाऊल तेथे सहज रेंगाळते.) चिंतेने ग्रासलेल्या मनाला ‘शांत हो’ म्हटल्याने ते ऐकत नाही, पण सावली किती सरकली, हे पाहण्याचे काम दिले, की ते घटकाभर स्वतःभोवती फिरणे विसरते. गाढ विषण्णतेवर मात्र हा उपचार नव्हे. तेथे वैद्यच हवा.

आणि चित्राला किती वाहवा मिळेल, हा हिशेब सुरू झाला, की तेच मन पुन्हा माघारी वळते. हल्ली खिशातल्या फोनने घटकेत शंभर चित्रे निघतात. मी म्हणेन, एकच घ्यावे. तेही सावली खाचेत उतरल्यावर.